सायकलची सीओटू कार्ट्रिज विमानातून नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत भाग घेतो. पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलली की टायर फुगवण्यासाठी १६ ग्रॅमची सीओटू कार्ट्रिज, म्हणजे दाबाने भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या पोलादी नळ्या, वापरतो. मागच्या शर्यतीला विमानाने जाताना माझ्याजवळची दोन कार्ट्रिज सुरक्षा तपासणीत काढून घेण्यात आली. त्याच विमानाने आलेल्या माझ्या सहकाऱ्याची अगदी तशीच कार्ट्रिज मात्र सायकलच्या खोक्यातून सुखरूप पोहोचली. नियम एकच असेल, तर दोघांना दोन न्याय कसे? आणि पुढच्या वेळी मी नेमके काय करावे?

उत्तर : नियम एकच आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा उदार आहे. दोघांना वेगवेगळा अनुभव येतो, त्याचे मूळ त्या नियमाला जोडलेल्या एका अटीत आहे. ही अट आपणा दोघांपैकी कोणीच पूर्ण केली नसावी, असे आपल्या पत्रावरून दिसते. म्हणजे आपल्या सहकाऱ्याची कार्ट्रिज नियमानुसार गेली असे नसून ती कोणाच्या नजरेला पडली नाहीत, एवढेच म्हणता येईल.

आधी नियम पाहू. धोकादायक वस्तूंच्या हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तांत्रिक सूचना प्रसिद्ध करते आणि त्यांच्या आठव्या भागात प्रवाशाने स्वतःबरोबर काय नेता येईल हे दिलेले असते. विमान कंपन्यांची संघटना असलेली आयाटा हीच तरतूद आपल्या दरवर्षी निघणाऱ्या नियमपुस्तकात तक्ता २.३.ए म्हणून छापते. या तरतुदीप्रमाणे एका प्रवाशाला जास्तीत जास्त ४ लहान कार्ट्रिज नेता येतात. प्रत्येकाची जलधारणक्षमता ५० मिलिलिटरपेक्षा अधिक नसावी. आत कार्बन डायऑक्साइड किंवा ज्वलनशील नसलेला, विषारी नसलेला आणि दुसरा कोणताही उपधोका, म्हणजे मुख्य धोक्याखेरीजचा जादा धोका, नसलेला वायू असावा. अशी कार्ट्रिज चेक-इन सामानात आणि केबिन बॅगेत, दोन्हीकडे चालतात. मात्र यासाठी विमान कंपनीची संमती आवश्यक आहे, आणि हीच ती अट.

जलधारणक्षमता हा शब्द थोडा फसवा आहे, कारण कार्ट्रिजवर ती सहसा छापलेली नसते. छापलेले असते ते आतल्या वायूचे वजन. रिकाम्या कार्ट्रिजमध्ये काठोकाठ पाणी भरले तर किती मावेल, ती त्याची जलधारणक्षमता. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ५० मिलिलिटर म्हणजे २८ ग्रॅमचे कार्ट्रिज, असे समीकरण नियमातच दिलेले आहे. त्यामुळे सायकलस्वार नेहमी वापरतात ती १२, १६, २० आणि २५ ग्रॅमची कार्ट्रिज सहज मर्यादेत बसतात. रुंद टायरसाठी मिळणारे ३८ ग्रॅमचे कार्ट्रिज बसत नाही, मग ते एकच का असेना. माउंटन बाइकवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण दोन लहान कार्ट्रिजऐवजी एक मोठे न्यावे असा मोह त्यांनाच होतो.

उपधोक्याची अट निरर्थक वाटेल, पण ती फार महत्त्वाची आहे. स्वयंपाकघरात क्रीम फेटण्यासाठी वापरतात ते ८ ग्रॅमचे पोलादी कार्ट्रिज दिसायला सायकलच्या कार्ट्रिजसारखेच असते. आत असतो नायट्रस ऑक्साइड. तो स्वतः जळत नसला तरी ज्वलनाला मदत करतो, म्हणून त्याला ऑक्सिडीकारक हा उपधोका लावलेला आहे आणि प्रवाशाला मिळालेल्या या सवलतीत तो येत नाही. कॅम्पिंगच्या शेगडीचे ब्युटेनचे डबे तर ज्वलनशील वायूंच्या गटात मोडतात आणि प्रवाशाच्या कोणत्याही सामानात त्यांना पूर्ण बंदी आहे. आता तपासणी अधिकाऱ्याच्या जागी बसून विचार करावा. क्ष-किरणांच्या पडद्यावर त्याला बोटभर लांबीची, जाड भिंतीची, एका टोकाला निमुळती पोलादी नळी दिसते. आत कार्बन डायऑक्साइड आहे, नायट्रस ऑक्साइड आहे की आणखी काही, हे पडदा सांगत नाही. ज्या वस्तूची खात्री होत नाही ती थांबवायची, हे त्याचे कामच आहे. आपली कार्ट्रिज काढून घेणाऱ्यावर आपण नाराज आहात हे पत्रातून जाणवते. पण त्या अधिकाऱ्याजवळ दुसरा पर्याय काय होता, हेही पाहायला हवे.

विमान कंपनीच्या संमतीचे महत्त्व इथे आहे. ‘नियमात बसते, मग विचारायचे कशाला’ ही समजूत चुकीची आहे, कारण विचारणे हाच नियमाचा भाग आहे. संमती ही प्रवासाआधी, लेखी आणि नेमकी असावी. तिकीट काढून झाल्यावर कंपनीच्या ग्राहक सेवेला किंवा विशेष सामानाच्या विभागाला पत्र लिहावे. त्यात उड्डाणाचा क्रमांक व तारीख, कार्ट्रिजची संख्या, प्रत्येकातील वायूचे नाव आणि ग्रॅममधील वजन, ती कशासाठी लागतात आणि ती कोणत्या सामानात ठेवायची आहेत, हे सर्व लिहावे. तक्ता २.३.ए मधील लहान गॅस कार्ट्रिजच्या नोंदीचा उल्लेख आवर्जून करावा. या तक्त्यात लाइफ जॅकेटसाठी वेगळी तरतूद आहे. त्या जॅकेटमध्ये बसवलेली दोन आणि सुटी दोन कार्ट्रिज नेता येतात. अनेकदा कर्मचाऱ्यांना तेवढीच नोंद ठाऊक असते आणि ‘लाइफ जॅकेट नाही, तर कार्ट्रिजही नाही’ असे उत्तर मिळते. इतर उपकरणांसाठीची चार कार्ट्रिजची नोंद स्वतंत्र आहे, आणि आपला इन्फ्लेटर, म्हणजे व्हॉल्व्हवर लावायचे ते लहान डोके, हे त्यातले उपकरण होय. म्हणून कार्ट्रिज आणि इन्फ्लेटर एकाच पिशवीत ठेवावीत. मात्र कार्ट्रिज इन्फ्लेटरला जोडून ठेवू नये, कारण ते चुकून फिरले तर आतली सुई झाकणाला भोक पाडते आणि वायू तिथेच निघून जातो.

संमती कोणाची, हाही प्रश्न आहे. तिकीट एका कंपनीने विकलेले आणि विमान दुसऱ्याच कंपनीचे, असे जोडप्रवासात नेहमी घडते. संमती लागते ती विमान प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीची. प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील तर दोघींची लागते, आणि परतीच्या प्रवासासाठीही तीच काळजी घ्यावी लागते. आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे. फोनवर कोणीतरी ‘चालेल’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये. काउंटरवरच्या व्यक्तीला ते दाखवता येत नाही.

एवढे करूनही कार्ट्रिज पोहोचेलच अशी हमी मला देता येत नाही, आणि ती देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कंपनीची संमती धोकादायक वस्तूंच्या नियमापुरती असते. सुरक्षा तपासणी त्या त्या देशाच्या अधिकारात चालते, ती अधिक कडक असू शकते आणि तिथल्या अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. काही विमान कंपन्या स्वतःच्या धोरणाने ही सवलत देतच नाहीत, आणि तसा अधिकार त्यांना आहे.

चेक-इन सामान की केबिन बॅग, याबद्दल कंपनी जे लिहील ते पाळावे. तिने निवड आपल्यावर सोडली, तर मी सायकलचे खोके निवडेन, पण एका अटीवर : कार्ट्रिज खोक्याच्या तळाशी चाकांच्या मागे न ठेवता झाकण उघडताच हाती लागतील अशी, पारदर्शक पिशवीत, मूळ वेष्टनासह ठेवायची आणि त्यांच्यासोबत संमतीपत्राची प्रत ठेवायची. सायकलची खोकी बहुधा मोठ्या आकाराच्या सामानाच्या काउंटरवर वेगळी द्यावी लागतात आणि तिथे तपासणीच्या वेळी प्रवासी जवळ असतो. तिथे स्वतःहून सांगावे की आत चार सीओटू कार्ट्रिज आहेत आणि कंपनीची संमती आहे. त्यांनी नाही म्हटले तर पिशवी काढून देता येते आणि सायकल पुढे जाते. न सांगता ठेवलेले कार्ट्रिज आपण निघून गेल्यावर सापडले, तर अख्खे खोके मागे राहू शकते, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलच न पोहोचणे हे चार कार्ट्रिज गमावण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. एक सूचना भाषेची : मराठीत कार्ट्रिजला ‘काडतूस’ हा शब्द आहे, तो विमानतळावर वापरू नये. ‘टायरमध्ये हवा भरायचे सीओटू’ असे म्हणावे.

पुढच्या वेळी काय करावे, याचे माझे उत्तर मात्र या सगळ्यापेक्षा साधे आहे. चांगला हातपंप सायकलच्या सामानात ठेवावा आणि कार्ट्रिज ही जादाची सोय मानावी. शर्यतीच्या गावी कार्ट्रिज विकत मिळत असतील तर तिथेच घ्यावीत, आणि आयोजकांना आधी विचारून ठेवावे. पोस्टाने आधी पाठवून देण्याची युक्ती सुचत असेल तर ती सोडून द्यावी. टपालही विमानानेच जाते आणि आंतरराष्ट्रीय टपालात दाबाखालच्या वायूला मनाई आहे. कार्ट्रिज मिळाली तरी हातपंप लागतोच. १६ ग्रॅम वायू साध्या दाबाला सुमारे पावणेनऊ लिटर होतो. रोड सायकलच्या २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण एक लिटर जागा असते, त्यामुळे तो काही सेकंदांत कडक होतो. पण पाच लिटरच्या माउंटन बाइकच्या टायरला तेवढ्याच वायूने जेमतेम २५ पीएसआय दाब येतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड ब्युटिल रबरात विरघळत असल्यामुळे साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, आणि रात्री भरलेला टायर सकाळी मऊ लागतो. मुक्कामाला पोहोचल्यावर तो वायू काढून साधी हवा भरणे, हा अनुभवी सायकलस्वारांचा शिरस्ता याच कारणाने पडला आहे.

प्रश्न : विमान उंचीवर गेल्यावर सामानाच्या कप्प्यात हवा विरळ होते आणि त्यामुळे ही कार्ट्रिज फुटतात, असे आमच्या गटात सांगितले जाते. टायरमधली हवा काढून ठेवायला सांगतात तेही याच कारणाने का?

उत्तर : ही समजूत फार पसरलेली आहे, पण आकडे मांडले की ती टिकत नाही. प्रवासी विमानात केबिनप्रमाणेच खालचा सामानाचा कप्पाही दाबयुक्त असतो. विमान कितीही उंच गेले तरी आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीवरच्या हवेएवढा, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश राखला जातो. म्हणजे बाहेरचा दाब कमी होतो तो पाव बारएवढा (बार हे दाबाचे एकक, जमिनीवरच्या हवेचा दाब साधारण एक बार), पीएसआयच्या भाषेत साडेतीन ते चार. आता कार्ट्रिजच्या आत काय आहे ते पाहा. २० अंश सेल्सिअसला आतला कार्बन डायऑक्साइड काही द्रव, काही वायू अशा स्थितीत असतो आणि त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो. जी पोलादी भिंत ५७ बार सहज पेलते, तिला आणखी पाव बारने काय होणार? टायरचेही तसेच. १०० पीएसआयचा टायर वर गेल्यावर १०४ पीएसआयचा झाल्यासारखा वागेल, आणि कप्प्यातला दाब पूर्ण नाहीसा झाला, तरीही त्यात १५ पीएसआयपेक्षा कमीच भर पडेल. टायरमधली हवा काढण्याची सूचना अनेक विमान कंपन्या करतात आणि ती केली असेल तर मुकाट्याने पाळावी. मात्र पूर्ण हवा काढू नये, थोडी ठेवावी, म्हणजे खोके आपटले तरी रिमला मार बसत नाही.

खरी भीती उष्णतेची आहे. कार्ट्रिजमध्ये द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आहे आणि तिथे दाब सुमारे ७४ बार होतो. त्यापलीकडे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, कार्ट्रिज एकाच दाट पदार्थाने भरून जाते, आणि तापमान वाढेल तसा दाब झपाट्याने चढतो. उन्हाळ्यातली गरमी कार्ट्रिज बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेली असते. आग गृहीत धरता येत नाही. सामानाच्या कप्प्यात दुसऱ्याच कशामुळे आग लागली, तर दाबाखालचे प्रत्येक भांडे फुटून उडण्याचा धोका निर्माण करते. संख्या चारवर आणि आकार ५० मिलिलिटरवर आणून ठेवला आहे तो या कारणाने : अशी चार लहान भांडी वाईटात वाईट स्थितीतही विमानाला झेपावीत. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ट्रिज ठेवू नये, हे विमानाच्या निमित्ताने सर्वांनाच सांगावेसे वाटते.

दाबाखालचे मोठे भांडे फुटले तर काय होते, याचे उदाहरण हवाई वाहतुकीच्या इतिहासात आहे. २५ जुलै २००८ रोजी हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेल्या क्वांटसच्या उड्डाण क्रमांक ३० मध्ये, बोइंग ७४७ विमानाच्या सामानाच्या कप्प्यालगत बसवलेले विमानाचेच एक ऑक्सिजन सिलिंडर फुटले. विमानाच्या अंगाला मोठे भगदाड पडले, केबिनमधला दाब गेला, आणि वैमानिकांनी विमान मनिला येथे सुखरूप उतरवले. आतील कोणालाही इजा झाली नाही. त्या सिलिंडरची आणि आपल्या बोटभर कार्ट्रिजची बरोबरी करता येत नाही, आणि मी ती करतही नाही. पण ज्यांनी असे अपघात तपासले आहेत, त्यांनी लिहिलेले नियम वाचताना ‘एवढ्याशा नळीने काय होते’ हा सूर आपण लावू नये.

प्रश्न : वापरून झालेली, भोक पडलेली कार्ट्रिज परतताना सामानात राहिली तर चालते का?

उत्तर : भोक पडलेल्या कार्ट्रिजमध्ये दाब नसतो, म्हणून ते धोकादायक वस्तू राहत नाही. तरीही मी ते ठेवू नका असेच सांगेन. क्ष-किरणांच्या पडद्यावर भरलेले आणि रिकामे कार्ट्रिज ओळखणे कठीण असते, आणि ‘रिकामे आहे’ या शब्दावर विश्वास ठेवणे हवाई क्षेत्राला एकदा फार महागात पडले आहे. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचे उड्डाण क्रमांक ५९२ फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जण मरण पावले. त्या विमानाच्या मालकप्प्यात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनित्रांचे डबे होते, आणि माल पाठवतानाच्या कागदावर ते ‘रिकामे’ असल्याचे लिहिले होते. ते रिकामे नव्हते. ती वस्तू वेगळी होती. स्वतः तापून ऑक्सिजन सोडणारी. पण तेव्हापासून कागदावरच्या किंवा तोंडच्या त्या एका शब्दाला या क्षेत्रात किंमत उरलेली नाही, आणि ते योग्यच आहे. वापरलेली कार्ट्रिज पोलादाची असतात, भंगारात टाकावीत. रस्त्याच्या कडेला मात्र फेकू नयेत.

प्रश्न : कार्ट्रिजऐवजी टायर फुगवणारा स्प्रेचा डबा किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप नेला तर? आणि पंक्चरचे सोल्यूशन?

उत्तर : स्प्रेचा डबा पर्याय म्हणून मुळीच धरू नका. टायर बुजवून फुगवणाऱ्या अनेक डब्यांत प्रोपेन किंवा ब्युटेन हा ढकलणारा वायू असतो, म्हणजे तो ज्वलनशील एरोसोल झाला, आणि असा डबा प्रवाशाच्या सामानात नेता येत नाही. साखळीला मारायच्या स्प्रेवरही ज्वाळेचे चिन्ह आहे का ते पाहावे; असेल तर तो घरी ठेवावा आणि थेंबाथेंबाने घालायचे तेल चेक-इन सामानात न्यावे, अर्थात त्या बाटलीवर ज्वलनशीलतेची खूण नसेल तरच. पंक्चरचे रबर सोल्यूशन ज्वलनशील द्रावकात बनलेले असते आणि काटेकोर नियमाने त्यालाही परवानगी नाही. ट्यूब लहान असते म्हणून ती दुर्लक्षित राहते, पण सोल्यूशन न लागणारे चिकट पॅच मिळतात, ते घ्यावेत. ट्यूबलेस टायरचे लेटेक्स सीलंट चेक-इन सामानात ठेवावे, कारण केबिन बॅगेत १०० मिलिलिटरची द्रवमर्यादा आड येते.

बॅटरीचा पंप हा मला सर्वांत आशादायक पर्याय वाटतो. त्यात लिथियम-आयन बॅटरी असल्यामुळे तो केबिन बॅगेत, बंद करून, चुकून चालू होणार नाही अशा रीतीने ठेवावा. बॅटरी १०० वॉट-तासांच्या आतली असली तर कंपनीची संमती लागत नाही, आणि या छोट्या पंपांच्या बॅटऱ्या त्या मर्यादेच्या खूपच खाली असतात. सुटी बॅटरी बरोबर असेल तर ती चेक-इन सामानात कधीही ठेवू नये; तिची जागा केबिन बॅगेतच, टोके झाकून. हे पंप टायरला कार्ट्रिजइतक्या झटपट भरत नाहीत आणि एका चार्जमध्ये मोजकेच टायर भरतात, म्हणून शर्यतीच्या आदल्या रात्री तो पूर्ण चार्ज करून एकदा स्वतःच्या टायरवर चालवून पाहावा, आणि हातपंप तेव्हाही सायकलवरच असू द्यावा.